बत्तीस आकडे दोनदा वाचायचे

हा अंक हातात आहे तोवर एक काम करून बघा. फोनवर नंबर लावायचा पडदा उघडा आणि स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असं दाबा. कुणाला फोन लागणार नाही, पैसे जाणार नाहीत. पडद्यावर आकडे येतील. पंधरा आकड्यांच्या एक किंवा दोन ओळी जवळपास सगळ्यांनाच दिसतील. त्यांच्याबरोबर बत्तीस आकड्यांची आणखी एक ओळ आली, तर तुमच्या फोनच्या पोटात ई-सिमची जागा आहे. नाही आली तर बहुतेक नाही.

माझी गेल्या काही वर्षांची नोकरी या एका ओळीवर चालते.

मी अंबरपेठेत एका छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात काउंटरवर बसते. बावीस वर्षं झाली. तिकिटं काढणं, व्हिसाचे फॉर्म भरणं, फोटोत कान दिसतात की नाही ते बघणं, ही आधीची कामं. आमच्याकडे येणारे निम्मे लोक मराठी. आजोबांच्या काळात नांदेड-परभणीकडून इकडे आलेली कुटुंबं. कुणी रेल्वेत, कुणी बँकेत, कुणी दुकानदारीत. कुणी मुलीच्या बाळंतपणाला निघतं, कुणी मुलाचं घर बघायला. विहारातल्या बायकांचा गट दर वर्षी लुंबिनीला किंवा श्रीलंकेला जातो. पूर्वी ही माणसं पहिला प्रश्न जेवणाचा विचारायची. आता पासपोर्ट काढायच्या आधी विचारतात, ‘मॅडम, तिकडं फोन चालतो ना?’

सिमकार्ड सगळ्यांना माहीत आहे. नखाएवढी चिप, एका फोनातून काढली, दुसऱ्यात घातली, की आपला नंबर तिकडे गेला. ई-सिम म्हणजे तशीच चिप, पण फोन तयार करतानाच आत पक्की बसवलेली. ती काढता येत नाही. परदेशात चालणारं कनेक्शन इथूनच घेतलं की ईमेलवर ठिपक्यांचा चौकोन येतो, म्हणजे क्यूआर कोड. तो घरच्या वायफायवर स्कॅन केला की कनेक्शन त्या बसवलेल्या चिपेत उतरतं. विमानातून उतरल्यावर फक्त चालू करायचं. इथलं सिम आपल्या जागी राहतं. त्यावर रोमिंग सुरू करून घेतलेलं असलं तर बँकेचे आणि पेन्शनचे ओटीपी त्यावर येत राहतात.

मी लोकांना असं समजावते की बत्तीस आकडे हा घरनंबर आणि कनेक्शन हा भाडेकरू. भाडेकरू बदलतो, घरनंबर बदलत नाही.

माझी मुलगी म्हणते, ‘मम्मी, यात लिहिण्यासारखं काय आहे? सगळ्यांना येतं.’ तिला मराठी वाचताना अडखळायला होतं, त्यामुळे हा लेख तिला मीच वाचून दाखवणार आहे. तेव्हा तिला कळेल की मलासुद्धा येत नव्हतं.

सुरुवातीला मी फोनचं नाव विचारायचे. गिऱ्हाईक मॉडेलचं नाव सांगायचं, मी कॉम्प्युटरवर यादी उघडायचे, यादीत नाव असलं की ‘चालेल’ म्हणून सांगायचे. दिवसाला पाच-सहा जणांना सांगत असेन. एकदा पंढरीकाका आले. अफझलगंजला त्यांचं दोर, सुतळी आणि ताडपत्रीचं जुनं दुकान. गटाबरोबर थायलंडला निघाले होते. त्यांनी फोनचं नाव सांगितलं, यादीत ते होतं, मी ‘चालेल’ म्हटलं. फोन हातात घेतला नाही.

तो फोन त्यांच्या पुतण्याने हाँगकाँगहून आणलेला होता. नाव तेच, रंग तोच, पण त्या बाजारासाठी बनवलेल्या फोनात दोन साध्या सिमची जागा होती आणि आतली चिप नव्हतीच. एका नावाचा फोन देशागणिक आतून वेगळा असू शकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. काका तिथल्या बाजारात गटापासून सुटले आणि तीन तास एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. शेवटी गटातल्या लोकांनीच त्यांना शोधलं.

परत आल्यावर ते ऑफिसात आले. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, “बाई, मी दोर विकतो. बंडलावर शंभर मीटर छापलेलं असतं. तरी मी मोजूनच देतो. छापलेलं ते कारखान्याचं. मोजलेलं माझं.”

“चुकलं काका,” मी म्हटलं.

“चुकलं तर चुकलं. पण तुम्ही मोजलंच नव्हतं.”

ते पुन्हा आले नाहीत. दुसरीकडून तिकिटं काढतात असं कळलं. मी एकदा फोन करून सांगितलं की आता प्रत्येक फोन हातात घेऊन बघते. “चांगलं केलंत,” म्हणाले आणि ठेवला.

त्या आठवड्यात मी दोनशे पानी वही आणली. गिऱ्हाइकाचं नाव, फोन, तो कुठून आणला, बत्तीस आकडे, आणि सेटिंगमध्ये ‘ई-सिम जोडा’ असा पर्याय दिसतो की नाही. हा शेवटचा रकाना दुसऱ्या एका अनुभवाने वाढला. आकडे दिसत होते, पण सेटिंगमध्ये दारच नव्हतं. खोली आहे आणि दरवाजा भिंतीने बुजवलेला. मग आणखी एक रकाना वाढला, ‘बांधील आहे का’. अमेरिकेतल्या भाच्याने पाठवलेला फोन कधी तिथल्या एका कंपनीशी बांधलेला असतो. आकडे आहेत, दार आहे, पण दुसरा भाडेकरू ठेवायची परवानगी नाही.

आमचे मालक सत्यम सर. तेलुगू माणूस, पण गिऱ्हाइकांशी आणि माझ्याशी दखनीत, म्हणजे इकडच्या उर्दूतच बोलतात. वही बघून म्हणाले, “कायकू इत्ता लिखरे मॅडम? फोन में है ना सब.”

“फोन उनके साथ जाता, सर. मेरे पास क्या रहता?”

“हौ,” म्हणाले आणि चहा मागवला. त्यांना पटलं की चहा येतो.

मला आकड्यांचं आधीपासून वेड आहे. घरातल्या गॅसच्या टाक्यांवरचे नंबरही मी बघते. दहा-बारा पानं भरल्यावर माझ्या लक्षात आलं की सगळ्या ओळी आठ आणि नऊ या दोन आकड्यांनी सुरू होतात. महाग फोन असो, स्वस्त असो, इथला असो वा दुबईचा. दोन दिवस मी आधीची पानं उलटत बसले. एकही वेगळी ओळ सापडली नाही. शेवटी एका कंपनीच्या माणसाला फोनवर विचारलं. तो म्हणाला, हे विचारणारी तुम्ही पहिलीच. मग त्यानेही शोधून सांगितलं की आठ-नऊ ही जगभर दूरसंचाराची खूण आहे, साध्या सिमवरचा लांब नंबरही तसाच सुरू होतो. मी घरी येऊन जुन्या सिमचा पुठ्ठा शोधला. त्यावरही आठ-नऊच. त्या दिवशी भाजी लागली तरी मला वाईट वाटलं नाही.

माणसंही कळतात. एक नवं जोडपं मधुचंद्राला निघालं होतं. नवऱ्याचा फोन बायकोच्या फोनाच्या तिप्पट महाग. बायकोच्या फोनात बत्तीस आकडे आले, नवऱ्याच्या आले नाहीत. त्याने चार वेळा दाबून बघितलं. ती म्हणाली, “राहू द्या ना, माझ्यावरून लावा घरी फोन.” तो पुढे सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होता. एका आजोबांनी विचारलं की हा नंबर फोनच्या जन्मापासून ठरलेला असतो का. हो म्हटल्यावर म्हणाले, “मग पत्रिकाच की.” मी म्हटलं, पत्रिकेपेक्षा बरी, खरी ठरते.

आता शकुंतलाबाईंकडे येते. हा लेख खरं तर त्यांच्यासाठी लिहायला घेतला.

शकुंतलाबाई तारनाक्याच्या. वय सदुसष्ट. रेल्वेच्या दवाखान्यात एकतीस वर्षं वॉर्डात काम करून निवृत्त झालेल्या. मुलगी सुजाता जर्मनीत, पहिलं बाळंतपण. बाई एकट्याच निघाल्या होत्या, तीन महिन्यांसाठी, आखातात विमान बदलून. मराठी, तेलुगू, दखनी तिन्ही अस्खलित, इंग्रजी दवाखान्यापुरतं. ठरलं असं होतं की जावई विमानतळावर घ्यायला येतील. पण दिवस भरत आले होते. सुजाताला त्याच वेळी दवाखान्यात न्यावं लागलं, तर जावई येणार नाहीत, शेजारची एक जर्मन बाई येईल, आणि तिचा फोटो आईच्या फोनवर पाठवतील. म्हणजे उतरल्याबरोबर फोन चालायलाच हवा होता. नाहीतर परक्या विमानतळावर कुणाच्या मागे जायचं हे बाईंना कळणार नव्हतं.

मी फोन घेतला. दोन वर्षांचा, कोपऱ्यावर खरचटलेला. आकडे दाबले, बत्तीसची ओळ आली. सेटिंगमध्ये दार होतं. बांधील नव्हता. मी वहीत उतरवू लागले.

बाई बघत होत्या. म्हणाल्या, “मॅडम, हे तुम्ही एकट्याच लिवता?”

“हो.”

“मग चुकत असेल.”

मला राग आला. “बघून लिहिते मी.”

“बघूनच चुकतंय. आमच्याकडं रक्ताची बाटली आली की एकीनं बाटलीवरचा नंबर वाचायचा, दुसरीनं कागदावर बोट ठेवून ऐकायचं. मग उलटं. ऐकणारीनं वाचायचं. सिस्टर कितीबी मोठी असू द्या, एकटीनं नाही म्हणजे नाही.”

“इथे काही रक्त नाही चढवायचं.”

“वाचू का?” त्या म्हणाल्या आणि चष्मा लावला.

त्यांनी एकेक आकडा वाचला. मी बोट फिरवत गेले. मध्ये शून्यांची रांग होती. त्यांनी पाच शून्यं वाचली. माझ्या वहीत चार होती. मी माझे आकडे मोजले. एकतीस.

शकुंतलाबाईंनी पर्समधून एक छोटी वही काढली, त्यात स्वतःच्या अक्षरात बत्तीसच्या बत्तीस आकडे लिहिले, मला वाचायला लावले आणि प्रत्येक आकड्याखाली टिंब दिलं. मी कनेक्शन त्यांच्या फोनात उतरवून दिलं. जाताना त्यांनी विचारलं, “ही आतली चिप निघत नाही म्हणालात. म्हणजे फोन बदलला तर हे सगळं त्याच फोनात ऱ्हाणार?”

“बरोबर.”

“मग हा फोन हलवायचा नाही.” आणि दारातून परत येऊन म्हणाल्या, “जायच्या आदल्या दिवशी मला फोन करून पुन्हा वाचायला लावा. बाटली लावायच्या आधी पलंगापाशी पुन्हा एकदा वाचतात. तो नियम आहे.”

इतक्या वर्षांत मला गिऱ्हाइकाने असा नियम घालून दिला नव्हता. मी वहीत तारीख लिहून ठेवली.

आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला फोन केला. सकाळी दहाचं विमान. बाईंनीच उचलला. मी म्हटलं, “वाचा, मी बोट ठेवलंय.”

पलीकडून बटणं दाबल्याचे आवाज आले. मग म्हणाल्या, “मॅडम, बत्तीसची ओळच नाही. दोनच ओळी आहेत. पंधरा आणि पंधरा.”

“फोन तोच आहे ना?”

“नाही. मिलिंदनं त्याचा दिला.”

मिलिंद म्हणजे त्यांचा मुलगा. मी रिक्षा केली आणि विद्यापीठाच्या बाजूने तारनाक्याला गेले. वाटेत मला स्वतःचाच राग येत होता. आपल्या लोकांत परदेशी निघालेल्या माणसाला घरातलं सगळ्यात चांगलं ते देतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. विहारातल्या बायकांची एक निळी बॅग आहे. एकीची, पण आजवर कुणाकुणाबरोबर सात वेळा परदेशी गेलेली. स्वेटर मागून आणतात, घड्याळ देतात. मग फोन कसा नाही देणार? मी फोन तपासला, तो ज्या घरात राहतो ते घर तपासलं नाही.

हॉलमध्ये ती निळी बॅग उघडी पडलेली. बुद्धमूर्तीपुढे पासपोर्ट आणि तिकीट ठेवलेलं. मिलिंदने हसून स्वागत केलं.

“टेन्शन नक्को मॅडम. चिप टाकली मी यात. आईचा नंबर चालू आहे.”

“चिप इथली टाकलीत. तिकडची जुन्या फोनात आहे. आणि या फोनात तिची जागाच नाही. कुठला हा?”

“मित्राने आणला बाहेरून. एकदम नवा.”

“मग जुना द्या. तोच घेऊन जातील.”

मिलिंदने बायकोकडे बघितलं. प्रज्ञा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “तो तर यांनी दुपारीच साफ केला,” ती म्हणाली. “माझ्या पप्पांना द्यायचा होता.”

“साफ करताना काही विचारलं फोनने?”

“विचारलं,” मिलिंद म्हणाला. “ई-सिम पण पुसू का म्हणून. मी हौ केलं. पूर्ण साफ झालेला बरा ना.”

शकुंतलाबाई खुर्चीत बसल्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, “मी सांगितलं होतं याला. फोन हलवायचा नाही.”

“आई, तू फक्त हलवायचा नाही म्हणालीस. कायकू, ते सांगितलंच नाहीस.”

“कायकू, ते विचारलंस का? मला म्हणालास, आई, तुला फोनमधलं काय कळतं.”

मिलिंद मग माझ्याकडे वळून म्हणाला, “मॅडम, खरं सांगतो. तिकडे सुजाताच्या घरी चार लोक येणार. आई तो खरचटलेला फोन काढणार. मुलाने बरा फोनसुद्धा दिला नाही म्हणतील.”

“फोन बंद पडून आई विमानतळावर उभी राहिली तर काय म्हणतील?” प्रज्ञाने विचारलं.

“विमानतळावर वायफाय असतं.”

“असतं,” मी म्हटलं. “कुठे कुठे त्यालाही ओटीपी मागतात, कुठे इंग्रजीत चार पानं भरायची असतात. मिळेलही. पण मिळेल यावर यांना पाठवू नका.”

क्यूआर कोड बहुधा एकदाच वापरता येतो. पुसलं की गेलं. मी कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की तपासून एक-दोन दिवसांत कळवू. विमानाला सोळा तास उरले होते. नवं कनेक्शन घेणं हाच मार्ग होता. मिलिंदने ते लगेच घेतलं. नवा कोड त्याच्या ईमेलवर आला, आणि त्याने तो जुन्याच फोनवर उघडून त्याच फोनने स्कॅन कसा करायचा याचा विचार सुरू केला. फोन आरशापुढे धरून बघू का, असंही विचारलं. हे दर दुसरं गिऱ्हाईक करतं, म्हणून मी हसले नाही. प्रज्ञाने तोवर तो कोड आपल्या फोनवर मागवून पुढे धरला होता.

चक्र फिरत राहिलं. मग पडद्यावर तिकडच्या कनेक्शनची ओळ उमटली. भाडेकरू परत आला. इथली चिप नव्या फोनातून काढून पुन्हा जुन्यात घातली.

मी पर्स उचलली, तर शकुंतलाबाई म्हणाल्या, “बसा. वाचलं कुठं अजून?”

खरं तर गरज नव्हती. फोन तोच होता, आकडे बदलत नाहीत. मी तसं म्हटलंही.

“फोन तोच आहे असं पाच वाजताबी तुम्हाला वाटत होतं,” त्या म्हणाल्या.

त्यांनी छोटी वही मिलिंदच्या हातात दिली. “बोट ठेव.” आणि फोनवरचे आकडे वाचू लागल्या. तो मोठ्या कंपनीत काम करणारा चाळिशीचा माणूस, आईसमोर वहीवर बोट ठेवून बसला. शून्यांच्या रांगेत तो घाईने पुढे गेला. बाई थांबल्या.

“पुन्हा. पहिल्यापासून.”

“आई, एकच तर—”

“पहिल्यापासून.”

दुसऱ्या वेळी बत्तीसच्या बत्तीस जुळले. मग उलटं केलं. त्याने वाचलं, बाईंनी बोट ठेवलं. त्यानंतर कुठली ओळ कधी चालू करायची, इथल्या सिमचा डेटा कसा बंद ठेवायचा, ते त्यांनी मराठीत लिहून घेतलं आणि तीन वेळा करून दाखवलं. तिसऱ्या वेळी त्यांनी कागद बघितला नाही. मिलिंद मध्येच खाली गेला होता. तो अर्ध्या तासाने आला तेव्हा त्याच्या हातात नवं कव्हर होतं. पडद्यावर काच लावणाऱ्या पोऱ्याला तो वरच घेऊन आला होता, कारण म्हणे, आता हा फोन या घरातून हलवायचा नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामात लक्ष घालायचा प्रयत्न केला. विमान आखातात कधी उतरलं, तिथून कधी निघालं, ते कॉम्प्युटरवर दिसत होतं. पण शेवटच्या विमानतळावर तिकडची ओळ चालू झाली की नाही, ते कुठेच दिसत नाही. आमच्या धंद्यात हे नेहमीचं. आम्ही माणसाला दारापर्यंत सोडतो. दाराबाहेर काय झालं ते कुणी कळवलं तरच कळतं, आणि सुखरूप पोचलेला माणूस सहसा कळवत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात येऊन फोन बघितला तर रात्री आलेला शकुंतलाबाईंचा आवाजातला निरोप होता. मागे गोंगाट, इंग्रजी आणि जर्मन घोषणा. “मॅडम, उतरले. ओळ चालू केली. कागद बघावा लागला नाही. जावयाचा निरोप आलाय, सुजाताला दुपारीच दवाखान्यात नेलं. शेजारणीचा फोटो आलाय. समोर एक बाई उभी आहे, निळा कोट, केस पांढरे. फोटोतलीच आहे. मी दोनदा बघितलं, आता जाते.”

मी तो निरोप सत्यम सरांना ऐकवला. चहा आला.

दुपारी एकच्या सुमारास शकुंतलाबाईंचाच फोन आला. आवाज दमलेला होता.

“मॅडम, वही हाय का जवळ?”

“आहे.”

“मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. इथं आईच्या मनगटाला पट्टी बांधतात आणि तसल्याच नंबराची बाळाच्या पायाला. आमच्याकडंबी असायची. इथल्या सिस्टरनं जुळवलंय, पण मला वाचायला दुसरं कुणी नाही. जावई झोपलेत बाकावर. त्यांना कशाला उठवायचं. सुजाताच्या हातावरचा वाचते. लिवा.”

आठ आकडे होते. मी शकुंतलाबाईंच्या पानावर, त्यांच्या बत्तीस आकड्यांच्या खाली लिहिले.

“आता तुम्ही वाचा. मी बाळाच्या पायाशी उभी आहे.”

मी एकेक आकडा सावकाश वाचला. प्रत्येक आकड्याला पलीकडून ‘हां’ येत होतं. आठव्या ‘हां’नंतर त्या म्हणाल्या, “जुळला,” आणि नाक ओढल्याचा आवाज आला. “ठेवते. तुमच्या ओळीचा डेटा संपेल.”

मी वही उघडी ठेवून बसले होते. सत्यम सर पाठीमागून येऊन डोकावले.

“ये कौनसा मॉडेल है मॅडम? आठ ही नंबर? बत्तीस होना ना?”

“फोन नहीं है सर. बच्ची है. शकुंतलाबाई की नातिन.”

त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला, माझ्या शेजारची खुर्ची ओढली आणि पानावर बोट ठेवलं.

“तो फिर एक बार और पढो,” म्हणाले.